रगतपित्याचा बोळ

आमच्या गावात बाजारतळापासून ओढ्याकडे एक बोळ जातो. त्याला रगतपित्याचा बोळ म्हणतात. जीपवाले म्हणतात, गॅसची टाकी आणणारा म्हणतो, शाळेतली पोरं म्हणतात. आमच्याकडे महारोगाला रगतपिती म्हणायची रीत आहे, म्हणून नव्या सुनांना वाटतं की पूर्वी तिथं कोणी महारोगी राहत असेल. तिथं कोणी महारोगी राहत नव्हता. तिथं भागूजी राहत होता. हे नाव कोणी ठेवलं ते आता गावात कोणाच्या ध्यानात नाही.

मी ठेवलं.

भागूजीच्या घरी मेंढरं होती. बापाच्या मागं ती विकली, पण मेंढक्याची सवय त्याच्या अंगातून गेली नाही. काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकायची, तिच्यावरून दोन्ही हात खाली सोडायचे आणि एका जागी तासभर उभं राहायचं. आवाज असा की ओढ्यापलीकडून एकाला हाक मारली तर अलीकडचे चार जण वळून बघायचे. त्याच्या बोटांवर आणि ओठाच्या कडेला कोड होतं, पांढरे डाग. लहानपणापासूनच होतं. गावात कोणाचे दात पुढं असतात, कोणाचा पाय तोकडा असतो, तसं त्याचं कोड. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी नवी नवरी म्हणून या गावात आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला होता आणि तेव्हाही ते डाग होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला ते माहीत नाही असं मी सांगितलं.

वीस-बावीस वर्षांमागं कादरभाईनं बाजारतळाला लागून पत्र्याचं शेड टाकलं. टीव्ही आणला, सीडीचं मशीन आणलं, खिडक्यांना गोणपाट लावलं आणि झाला व्हिडिओ हॉल. मंगळवारी बाजार असायचा. त्या दिवशी दुपारी बाराला एक शो आणि तीनला एक. आमचं चहा-भज्यांचं दुकान हॉलच्या दाराला चिकटून होतं. आमचे मालक भजी तळायचे, मी चहा करायचे. बायका हॉलमध्ये जात नसत. पण मी पातेल्यापाशी उभी राहिले की दारातून टीव्ही सरळ दिसायचा, त्यामुळे मी सगळं बघितलं.

भागूजी हॉलचा दारवान होता. हिंदी पिक्चर लोकांना पाठ झाले तेव्हा कादरभाई जालन्याहून इंग्रजी सीड्या आणायला लागला. मारामारी बघायला लोक यायचे, पण कोण कोणाला कशापायी मारतो ते कळेना. अर्ध्यातून उठून जायचे. एका मंगळवारी असेच उठायला लागले तेव्हा भागूजी दारातून ओरडला, "अरे बसा! तो त्याचा सख्खा मेव्हणा हाय. जिमिनीवरून चालू हाय सगळं."

लोक बसले. मग त्यानं शेवटपर्यंत सांगितलं. मेव्हण्यानं बांध कसा कोरला, बहिणीनं कोणाची बाजू घेतली, पोलीसपाटील कोणाला फितला. त्या पिक्चरात जमीन कुठं दिसली नाही, सगळ्या काचेच्या इमारती होत्या. पण लोकांना पटलं.

इंग्रजी त्याला ओ का ठो येत नव्हतं. मी एकदा विचारलं, "भागूजी, तुला कळतं तरी कसं रे?"

"वहिनी, मेंढरू कुठं बोलतं? त्याच्या कानाकडं बघायचं. भुकेलं हाय का भ्यालं हाय, बराबर कळतं. माणसाचं बी तसंच. फक्त कानाच्या जागी भुवया बघायच्या."

नवी सीडी आली की सकाळी तो एकटाच हॉलमध्ये बसून बघायचा. आवाज बंद करून. "आवाजानं घोळ व्हतो," म्हणायचा. मग बाराला काठी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभा राहायचा आणि सांगायला लागायचा. शेजारच्या टेंभुर्णीत मोठ्या पडद्याचं थेटर असताना तिथले लोक आमच्याकडे पत्र्याखाली घामाघूम व्हायला यायचे. ते भागूजीला ऐकायला यायचे.

त्यातच तो रक्त पिणाऱ्या भुतांचा पिक्चर आला. नाव इंग्रजी होतं, कोणाच्याच तोंडात बसलं नाही. त्यातला हिरो अर्धा माणूस आणि अर्धा त्या भुतांतला. उडायचा, उभ्या भिंतीवर चालायचा, दहा जणांना एकटा लोळवायचा. अंगावर राखाडी रंगाचं काहीतरी पांघरलेलं असायचं. भागूजी म्हणाला, "घोंगडं हाय. आपल्यातलाच दिसतो." तेवढ्यावर हॉल खूश.

त्या भुतांना म्हणायचं काय? भागूजीनं शब्द काढला, रगतपित्या. रगत पितो तो रगतपित्या. एक म्हातारा म्हणाला, "अरे बाबा, तो रोग हाय, तसं म्हणू नये."

"रोगच हाय की आबा. एकानं दुसऱ्याला चावलं की लागतो."

हिरो माणसाचं रक्त पीत नव्हता. गळ्यात काहीतरी घातलेलं असायचं आणि खिशातून बाटली काढून एक घोट घ्यायचा. भागूजीनं सांगितलं, "हा रगतपित्या हाय, पण माळकरी हाय. गळ्यात माळ घातली आन् माणसाचं रगत सोडलं."

"मंग बाटलीत काय हाय?" कोणीतरी विचारलं.

"बिटाचा रस."

हे सगळ्यांना बिलकुल मान्य झालं. पुढच्या बाजारापासून लोक हिरोला माळकरीच म्हणायला लागले.

त्या पिक्चरात एक म्हातारी बाई होती. उंच, पांढरे केस. दोन वेळा खिडकीत यायची आणि खाली हिरोकडे बघायची. तिसऱ्यांदा दिसलीच नाही. भागूजी काठी टेकून हळू आवाजात म्हणाला, "ही त्याची माय हाय. तिला बी चावलेलं हाय, ती तिकडची झाली. पोराला वळखती. पण बोलायची सोय न्हाई. 'बाळा' म्हणाली की जागच्या जागी राख व्हईल."

पुढच्या वर्षी दुसरा भाग आला. त्यात ती बाई शेवटाला एका लोखंडी दारापाशी येते आणि दार लावून घेते. पोरगा बाहेर, ती आत. तेवढ्यात लाईट गेली. अजून अर्धा तास पिक्चर बाकी होता. कोणी उठलं नाही. भागूजीनं अंधारातच पुढचं सांगायला सुरुवात केली. दाराला आतून तिनं कसा हात लावला, बाहेरून त्यानं लावला, लोखंड कसं तापलं. तासभर सांगितलं. लाईट आली, टीव्ही चालू झाला, तर लोकच ओरडले, "बंद कर ना कादरभाई! याचं होऊ दे आधी."

कादरभाईनं बंद केला. माझं दूध उतू गेलं, मला समजलं नाही. मी रडणारी बाई नाही. सासू गेली तेव्हा बायकांनी मला चिमटे काढले होते, रड म्हणून. पण त्या दिवशी मी पदरानं डोळे पुसले आणि विचारणाऱ्यांना डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं. चहा गॅसवर होता. गॅसला धूर नसतो हे त्यांना माहीत होतं, कोणी बोललं नाही.

"तिसऱ्या भागात ती त्वांड उघडणार," भागूजीनं जाहीर केलं.

तिसरा भाग यायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात गावाला दुसरा विषय नव्हता असं म्हणणार नाही, पण हा विषय होताच. कापूस वेचताना बायका मला विचारायच्या, माय बोलंल का हो? रस्त्यात लोक भागूजीला अडवायचे. तो काठी खांद्यावर टाकून आभाळाकडे बघायचा. "बोलंल. पण मंग राख." विचारणारा निघून जायचा. आमचे मालक तळणीवरून मान वर न करणारा माणूस. एका रात्री जेवताना म्हणाले, "तिनं न्हाई बोललं तर बरं."

तिसऱ्या भागाची सीडी आली ती मंगळवारीच, साडेअकराच्या बसनं. भागूजीला आधी बघायला वेळच मिळाला नाही. हॉल गच्च भरला होता. टेंभुर्णीहून दोन जीपा भरून आल्या होत्या. कादरभाईनं सीडीचा डबा बघितला आणि खूश होऊन ओरडला, "अरे, ये तो हिंदी में है! अब सबको समझेगा!"

भागूजी काठी घेऊन त्याच्या जागी जाऊन उभा राहिला. मी दारातून बघत होते. टीव्हीपाशी काही न सांगता नुसता उभा असलेला तो मला पहिल्यांदाच दिसला.

पिक्चर बेकार होता. मला पिक्चरातलं जास्त समजत नाही, पण करपलेलं भजं कळायला आचारी असावं लागत नाही. अर्धा तास हिरोच आला नाही. त्याच्या जागी शहरातली एक पोरगी आणि एक पोरगा उड्या मारत होते आणि दर फटक्याला विनोद करत होते. भुतांचा मुख्य मालक लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यासारखा एका खुर्चीत बसून होता. हिरो आला तो झोपेतून उठून आल्यासारखा. हिंदीत पहिलंच वाक्य बोलला ते बाटलीबद्दल. बाटलीत रक्तच होतं. गळ्यात माळ नव्हती, किल्ली होती.

लोक चुळबुळ करायला लागले. भागूजी मध्येच बोलला, "आयका, तो तसं म्हणून राह्यला, पण त्याच्या मनात..."

"गप रे भागूजी, ऐकू दे!"

मग ती म्हातारी आली. माझ्या हातात कपबशी होती, ती मी खाली ठेवली. म्हातारी हिरोच्या समोर आली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कितनी बार बोला है, नीचे का दरवाज़ा बंद रखा करो." आणि जिना चढून गेली. ती घरमालकीण होती. तीन भाग ती घरमालकीणच होती. पुन्हा आली नाही.

"न्हाई, न्हाई," भागूजी म्हणाला, "तिच्या भुवया बघा." शिट्ट्या वाजल्या. तो टीव्हीवरच्या आवाजापेक्षा मोठ्यानं सांगायला लागला. कोणीतरी गोणपाटाचा बोळा करून फेकला, तो त्याच्या छातीला लागला. त्यानंतर तो बोलला नाही. पिक्चर पुढच्या वीस मिनिटांत कसाबसा संपला. कोणी राख झालं नाही.

लोक चिडून बाहेर आले. पिक्चर बनवणारे कुठं सापडणार? भागूजी सापडत होता. तो माझ्या दुकानापाशी आला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "वहिनी, तिसरा भाग करणाऱ्यानं पहिले दोन बघितलेच न्हाईत."

आज वाटतं, त्या पिक्चरबद्दल याहून खरं कोणी बोललं नसेल. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं. मी सगळ्यांदेखत एका घरमालकिणीसाठी पदर ओला केला होता.

"करणाऱ्याला कशाला नाव ठेवून राह्यला?" मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्यातले रगतपित्ये खोटे. तूच खरा रगतपित्या. चार वर्सं बसून आमचं रगत पिलं तू!"

सगळा बाजार हसला. टेंभुर्णीचे लोक जीपवर थापा मारून हसले. कादरभाई हसला. एकजण म्हणाला, "वा काकू, पिक्चरचे पैसे वसूल झाले!" भागूजीही हसला. ओठाच्या कडेचा पांढरा डाग ताणला गेला.

मला बरं वाटलं. हे लिहिलं पाहिजे. माझ्या बोलण्यावर एवढी माणसं कधी हसली नव्हती. पुढं महिनाभर तो दुकानापाशी आला की मी म्हणायचे, "या रगतपित्या, चहा घ्या." गिऱ्हाइकं हसायची. तोही हसायचा, चहा प्यायचा, कप विसळून ठेवायचा.

वर्षभरात घरोघरी टीव्हीच्या छत्र्या लागल्या, हॉल बंद पडला. पिक्चर लोकांच्या ध्यानातून गेला. त्याबरोबर विनोदही गेला, नाव तेवढं राहिलं. ज्यांनी पिक्चर बघितला नव्हता त्यांनी नुसतं नाव ऐकलं आणि त्याच्या बोटांकडे बघितलं. खुरपायला गेलं की लोक भाकरी खायला त्याच्यापासून लांब बसायला लागले. कोणी काही ठरवलं नव्हतं.

भागूजीला एकच लेक, सुमन. बायको आधीच वारलेली. सुमनला भोकरदनकडचं चांगलं स्थळ आलं होतं. पोरगी बघून झाली होती, पसंत होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. भागूजीनं त्यासाठी घराला चुना दिला होता. अशात एके दिवशी दोन माणसं दुकानावर आली. टोपीवाले, पोक्त. चहा घेतला. त्यातला एक म्हणाला, "बाई, इथं भागूजी म्हणून राहतात, त्यांना गावात रगतपित्या म्हणत्यात, खरं का?"

मी म्हणाले, "म्हणत्यात."

"रोग हाय का त्यांना? पोरगी द्यायघ्यायचं चालू हाय, म्हणून ईचारलं. तुम्ही शेजारचे."

बाकड्यावर आणखी चार जण बसले होते. ते माझ्याकडे बघत होते. मला सांगता आलं असतं की ते कोड आहे, लहानपणापासून आहे, कोणाला लागत नाही. रगतपिती असती तरी आता गोळ्यांनी बरी होते, दवाखान्याच्या भिंतीवर तसं लिहिलेलं आहे आणि चौथी शिकलेल्या मला ते वाचता येत होतं. पण मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, असं हाय तर नाव कशामुळं पडलं? आणि त्या चौघांपैकी कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं असतं.

"मला काय माहीत बाबा," मी म्हणाले. "डॉक्टरला ईचारा."

त्यांनी कप अर्धे ठेवले आणि गेले. भागूजीच्या घराकडे वळले नाहीत, सरळ स्टँडकडे गेले.

मालक तळणीवरून म्हणाले, "त्याला कोड हाय हे तुला ठाऊक न्हाई?"

"तुम्हाला ठाऊक व्हतं ना? मंग तुम्ही का न्हाई बोलले?"

आयुष्यभर मी असंच करत आले. माझ्यावर आलं की समोरच्यावर टाकायचं. मालक पुन्हा तळणीवर वाकले. ते स्थळ मोडलं.

पुढच्या मंगळवारी भागूजी आला. बाकड्यावर बसला नाही. पिशवीतून स्टीलचा गिलास काढला आणि माझ्यासमोर धरला.

"वहिनी, यात वता."

त्याला कोणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही. मला म्हणायचं होतं, काय येडा का तू, कप घे. तेवढंच म्हणायचं होतं. पण मी पातेलं उचललं आणि ओतला. वरून ओतला, हातभर उंचावरून, पातेल्याची कड गिलासाला लागू न देता. हात आपोआप वर गेला. भागूजी चहाच्या धारेकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. मग त्यानं उभ्यानंच चहा संपवला, गिलास पुसून पिशवीत ठेवला आणि गेला.

दोन वर्षांनी सुमनला राजूरचं स्थळ मिळालं. जावयाचं गणपतीच्या देवळापाशी दूर्वा-फुलांचं दुकान होतं. भागूजी घराला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेला. इथल्या घराची आता एक भिंत उभी आहे. बोळाला नाव राहिलं.

गेल्या अंगारकीला मी राजूरला गेले. देवासाठी गेले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. जीपमध्ये बसल्यापासून मी तोंडातल्या तोंडात एक वाक्य घोळवत होते. भागूजी, ते नाव माझ्या तोंडून पडलं आणि त्या पाव्हण्यांना मी खोटं सांगितलं. एवढंच. लांब वाक्य नाही.

तो दुकानात पोत्यावर बसून दूर्वांच्या जुड्या बांधत होता. काठी मागं भिंतीला टेकवलेली. पार वाळला होता. कोड आता कोपरापर्यंत चढलं होतं. सुमननं मला ओळखलं, पाया पडली, शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. चहावाल्यानं तीन कप आणले. भागूजीनं दूर्वांच्या टोपलीमागून स्टीलचा गिलास काढला आणि आपल्या कपातला चहा त्यात ओतून घेतला.

सुमन म्हणाली, "घरात बी असंच करत्यात. कपात पीतच न्हाईत. किती येळा सांगितलं. कुठून ही सवय लागली, काय माहीत."

भागूजीनं गिलास तोंडाला लावला. बाहेर दर्शनाची रांग सरकत होती. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले.

"भागूजी, त्या मायचं काय झालं रे मंग? तिसऱ्या भागातल्या."

त्यानं जुडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, थोडं वर, भुवयांकडे. बराच वेळ बघितलं.

"तिला बोलायचं हाय, वहिनी," तो म्हणाला. "पण बोलली तर राख व्हईल ना. म्हणून गप हाय."

आणि जुडीला दोरा गुंडाळायला लागला.

मी चहा संपवला. कप ठेवला. सुमननं पिशवीत दूर्वा आणि एक नारळ घातला. "येते," म्हणाले. भागूजीनं मान न वळवता पांढरा हात वर केला. रांगेतल्या माणसांच्या आड तो दिसेनासा होईपर्यंत हात वरच होता.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. गाव जवळ आलं तसं ड्रायव्हरनं विचारलं, "आजी, कुठं उतरायचं?"

"बाजारतळाच्या पुढं. भागूजीच्या बोळापाशी."

"कोणता भागूजी? असा बोळच न्हाई आपल्याकडं."

त्यानं जीप थांबवली. मागून ट्रॅक्टर हॉर्न देत होता. जीपमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"रगतपित्याच्या," मी म्हणाले.

"हां, मंग असं सांगा की," तो म्हणाला आणि त्यानं गाडी सोडली.